पत्र्यावरचा हात

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या कारखान्यात नोकरी करतो, तिथे कामगारांना नगरहून आणणारी बस ठेकेदाराची आहे. बसवर दोन माणसं असतात. ड्रायव्हरला सगळे चाचा म्हणतात, दारात उभ्या राहणाऱ्या क्लीनरला आण्णा. चाचा नगरचेच, साठीला टेकलेले. आण्णा मूळचा मिरजगावकडचा, चाळिशीतला, केडगावला भाड्याच्या खोलीत राहतो.

गाडीला घंटी नाही. आण्णा पायरीवर उभा राहून बाहेरच्या पत्र्यावर हात मारतो. एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे चला. दारात माणसं उभी असतात, त्यामुळे चाचांना पायरी दिसत नाही. ते कानावर गाडी चालवतात. गर्दीतले कामगारही घाई झाली की आतून पत्र्यावर हात मारून मोकळे होतात. हजेरीच्या पंचिंगला उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार जातो, म्हणून घाई रोजचीच. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

एके सकाळी कामरगावच्या थांब्यावरून गाडी सुटली, तेव्हा कँटीनमध्ये चपात्या लाटणारी बाई अजून चढत होती. तिचा एक पाय पायरीवर होता, दुसरा खाली. ती रस्त्यावर पडली. ओरडा झाला, ब्रेक लागला. मागचं चाक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. तिचं उजवं मनगट मोडलं.

मी त्याच गाडीत होतो, दाराच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीशी. तिला पडताना मी पाहिलं नाही. थापा ऐकल्या. किती, ते सांगता येत नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट माणूस मोजत नाही.

कारखान्यात येण्याआधी मी नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. आता कार्मिक विभागात आहे. कुठे काही घडलं की टिपण लिहायचं काम माझ्याकडे येतं, तसं हेही आलं. विभागप्रमुख मॅडमनी सांगितलं, "फार पसारा नको. चूक कोणाची, एवढं एका वाक्यात पाहिजे. शनिवारपर्यंत."

ठेकेदाराचा फोन त्याच दुपारी आला. तो आणखी सरळ बोलला. "साहेब, दोघातलं एक नाव द्या. सोमवारपासून तो माणूस गाडीवर दिसणार न्हाई. कंपनीला तरास नको."

म्हणजे माझ्या एका वाक्यावर एका माणसाची नोकरी होती.

दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. चाचा म्हणाले, "दोन थापा पडल्या. मी गाडी काढली. एक पडली असती तर मी काढली असती का? सारा जलम गेला स्टिअरिंगवर."

आण्णा म्हणाला, "मी एकच मारली. बाई चढत हुती, थांबा म्हनून मारली. मी तिथंच उभा हुतो, मला दिसत न्हवतं का?"

दोघांनी आपापल्या जबाबाखाली सही केली. दोघांच्याही बोलण्यात अडखळ नव्हती. एक खोटं बोलतो आहे असं धरायचं, तर कोणता, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

बदली माणसं नसल्यामुळे तो आठवडाभर गाडी त्याच दोघांनी चालवली. गाडीत दोन तट पडले. पुढच्या बाकांवरचे जुने कामगार चाचांच्या बाजूने, मागचे तरुण आण्णाच्या.

"आण्णा, हात जपून मार बाबा. एक जास्त पडला तर आमची बी हाडं मोडत्याल."

"आधी पुढचे कान तपासा. मशीन बसवा म्हनावं कानात."

चाचांनी आरशात पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "थापा मारायची सवयच हाय काही लोकांना."

पुढचे बाक हसले. आण्णा बाहेर बघत उभा राहिला. त्याने दांडी घट्ट धरली होती. गाडी घाट चढली. वरच्या माळावर पवनचक्क्या फिरत होत्या. पुढच्या थांब्यावर आण्णाने एक थाप मारली, गाडी थांबली. माणसं चढली, दोन थापा पडल्या, गाडी निघाली. त्यात शब्द नव्हता.

तेव्हा काहीतरी कमी आहे असं जाणवलं, पण काय ते लक्षात आलं नाही.

गुरुवारी मी कामरगावला त्या बाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसून डाव्या हाताने शेंगा फोडत होत्या. नवरा शेजारी उभा होता. मी विचारलं, त्या बोलल्या.

"आण्णाचा हात बाहेर असतो सर. मी त्याच्याच हाताखालनं चढत हुते. त्यानं येकदा मारला. लगेच दुसरा आतून वाजला. माझ्या डोक्याशी."

"आतून कुणी मारला?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग प्लास्टरकडे. "लई गर्दी हुती."

"तोंड ओळखीचं होतं?"

"त्यालाबी घाईच असंल."

मी पुन्हा एकदा विचारलं. बातमीदारीत ती सवय लागते. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"सर, मला त्याच गाडीनं यायचंय."

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

बाहेरची एक, आतली एक. पायरीवरच्या माणसाने एक मारली होती आणि स्टिअरिंगवरच्या माणसाला दोन ऐकू आल्या होत्या. दोन्ही जबाब खरे होते. परतताना वाटलं की टिपण लिहून झालं. पण घाट चढत असताना आधी जे जाणवलं होतं ते उलगडलं. पूर्वी थापांच्या मागोमाग आण्णाचा आवाज यायचा: "जाऊ द्या चाचा." प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक वेळी. आतून कुणी कितीही हात मारले, तरी चाचा त्या आवाजाची वाट बघायचे. तो आवाज काही महिन्यांपूर्वी बंद झाला होता. नेमका कधी, ते गाडीतल्या कुणालाच सांगता आलं नाही. तो नसल्यामुळे कुणाचाही हात आण्णाचा हात ठरू लागला होता.

मॅडमना तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे चूक कुणाचीच नाही? हे ठेकेदाराला चालणार नाही. तो कुणाला तरी काढणारच. त्याच्या मनात ड्रायव्हर आहे. वय झालंय म्हणतो."

शुक्रवारी पाळी सुटल्यावर दोघांना कँटीनमागच्या खोलीत एकत्र बसवलं. चाचा दाराजवळच्या खुर्चीवर बसले, आण्णा उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. पलीकडे कॉम्प्रेसर चालू होता.

बाईंनी सांगितलेलं मी जसंच्या तसं सांगितलं. दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला नाही.

मी विचारलं, "तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"कामापुरतं चालतंय की," चाचा म्हणाले. "तो वाजवतो, मी चालवतो."

"आधी तो ओरडायचा पण."

"आता कशाला ओरडंल? आता तो ड्रायव्हर हाय. मोठ्या गाडीचं लायसन काढलंय. मला चहाच्या टपरीवर कळलं. टपरीवर." शेवटचा शब्द त्यांनी माझ्याकडे बघत उच्चारला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"मी सांगनार हुतो," आण्णा म्हणाला.

"कवा? माझ्या सीटवर बसल्यावर?"

"ठेकेदार शेठच म्हनले लायसन काढून ठेव. चाचा सोता होऊन सोडनार हायेत म्हनले. तवर त्यांच्याशी काही बोलू नको, त्यांना वाईट वाटंल."

चाचांनी मान वळवून पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"मी सोडनार? कुनी सांगितलं मी सोडनार?"

"शेठनी."

"मला तर म्हनले, आण्णा मागं लागलाय. सीट द्या म्हनतोय. तुमचंबी वय झालं, बघा काय ते."

कॉम्प्रेसर बंद पडला. तो आपोआप बंद होतो आणि आपोआप सुरू होतो, पण त्या खोलीत ते एकदम जाणवलं.

"मी मागं लागलो न्हाई," आण्णा म्हणाला.

"पायजे तर हुती ना?"

आण्णा नाही म्हणाला असता तर त्या घडीला प्रकरण मिटलं असतं.

"पायजे हुती," तो म्हणाला. "अजूनबी पायजे. मी काय जलमभर पायरीवर लटकू? पन तुम्हाला उतरवून नको हुती."

"मग मला इचारायचं हुतं. शिकवलं नसतं का मी?"

"तुमी बोलायचं बंद केलं."

"तू ओरडायचं बंद केलंस."

हे दोघंही एकाच पट्टीत बोलले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटली. चाचा उठले. आता ते निघून जाणार आणि उद्या मला एक नाव लिहावं लागणार, असं मला वाटलं.

दाराच्या चौकटीला हात टेकवून ते म्हणाले, "सर, लिहून घ्या. ह्याचा आवाज आल्याबिगर मी गाडी हलवनार न्हाई. थाप कुनाचीबी असती. आवाज ह्याचाच पायजे."

हा समेट होता की शिक्षा, हे मला तेव्हा कळलं नाही. आण्णालाही कळलं नसावं. तो "बरं" म्हणाला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. दोघं वेगवेगळे बाहेर पडले आणि एकाच गाडीत जाऊन बसले.

शनिवारी टिपण दिलं. बाईंना दुखापत कशी झाली, थापा कुठून पडल्या, दुसरी थाप कोणाची हे निष्पन्न झालं नाही, आणि यापुढे काय ठरलं आहे, एवढंच त्यात होतं. ठेकेदाराने दोघांना काय सांगितलं, तेही दोघांच्या शब्दांत लिहिलं.

मॅडमनी वाचलं. "चूक कोणाची, ते वाक्य नाही यात."

"घडलं ते आहे."

त्यांनी ठेकेदाराबद्दलचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि त्याला माझ्यासमोरच फोन लावला. ठरलेल्या पद्धतीने गाडी चालते का ते कंपनी आधी पाहील, तोवर दोघांपैकी कुणालाही हलवू नये, असं सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "सध्या ठेवतोय म्हणाला. 'सध्या' हा त्याचा शब्द आहे."

सोमवारी केडगावला आणि चासला मोजकीच माणसं चढायची होती, दारात गर्दी नव्हती. आण्णा पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलला आणि गाडी निघाली. कामरगावला गाडी भरली. आण्णाने दोन थापा मारल्या. गाडी हलली नाही. इंजिन चालू होतं. चाचांचा हात गिअरवर होता, नजर समोर रस्त्यावर.

"चला की चाचा, पंचिंग जाईल."

आतून कुणीतरी जोरात दोन थापा मारल्या. गाडी जागची हलली नाही.

"आण्णा, तोंडात काय धरलंय? बोल की."

आण्णा खालच्या रस्त्याकडे बघत होता, जिथे बाई पडली होती तिथे. सगळी गाडी त्याच्याकडे बघत होती. पुढच्या बाकांवर कुणी हसलं नाही.

"जाऊ द्या," तो म्हणाला.

"ऐकू न्हाई आलं."

मागे कुणाचा तरी डबा खाली पडला. आण्णाने दांडीवरचा हात बदलला.

"जाऊ द्या चाचा."

गिअर पडला.

प्लास्टर निघाल्यावर त्या बाई परत कामावर आल्या. त्या दिवशी कामरगावला त्या डाव्या हाताने दांडी धरून चढल्या, आत सरकल्या, एका खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी मागे वळून कुणाकडे पाहिलं नाही. त्या दिवशी आतून पत्र्यावर एकही हात पडला नाही.

ठेकेदाराचं 'सध्या' अजून चालू आहे. तो मधूनमधून फोन करतो आणि चाचांच्या डोळ्यांची तपासणी झाली का विचारतो. झाली आहे, मी सांगतो.

परवा दुपारी वसाहतीच्या मागच्या मोकळ्या आवारात ती बस उभी होती. स्टिअरिंगवर आण्णा होता. गाडी मागे घेऊन भिंतीला समांतर लावायची होती. चाचा मागच्या चाकापाशी उभे होते, हात पत्र्यावर. गाडी हळूहळू मागे येत होती. चाचांनी एक थाप मारली. गाडी थांबली. त्यांनी वाकून चाक आणि भिंतीमधलं अंतर पाहिलं, आणखी थोडी जागा होती. त्यांनी दोन थापा मारल्या.

गाडी हलली नाही. आण्णाने खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं आणि वाट बघत राहिला.

"येऊ दे," चाचा म्हणाले.