पांढरी गादी

नांदेडच्या जुन्या बाजारातल्या कापड दुकानाचं आता हॉटेल झालंय. भाचीच्या साखरपुड्याला गेले, तर दगडी पायरी दिसताच मी सवयीने चपला काढल्या. दारवान म्हणाला, "मॅडम, चपला राहू द्या की."

माझ्या लहानपणी, दुकान होतं तेव्हा, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी असायची. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास पायरीपर्यंत यायचा. माझ्या शाळेच्या ड्रेसचं कापड घ्यायला बाबा मला लोह्याहून घेऊन आले होते. कपाळावर विभूती लावलेले शेठ म्हणाले, "या, बसा की वर."

बाबांनी मला गादीवर बसवलं आणि स्वतः पायरीवरच उभे राहिले. "न्हाई शेठ, पाय लई धुळीचे हायत."

"बाबा, आत्ताच तर स्टँडच्या नळावर धुतले," मी म्हणाले.

"गप बस," एवढंच बाबा बोलले.

मला वाटलं, विसरले असतील. आम्हा बौद्धांना गावात कुणी बैठकीवर बसू देत नसे, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

गादीच्या जागी आता पांढरा सोफा आहे. मी चपला परत पायात घातल्या आणि त्यावर जाऊन बसले. पाय धुळीचेच होते.