आग्रहाचा लाडू

सोनपेठात लग्न असो, सप्ताह असो की कुणाच्या घरची वास्तुशांत, पंगतीत बसलेला माणूस एकाच गोष्टीला भ्यायचा, ती म्हणजे लाडूकाकूंचा हात. काकूंना लोक खास आग्रहासाठी बोलवायचे. डाव्या हातात परात, उजव्या हातात बुंदीचा टपोरा लाडू आणि तोंडात एकच हुकूम, "आ करा!" नको म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तेवढी फट काकूंना पुरायची. समोर तहसीलदार आहेत की त्यांचा ड्रायव्हर, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एका लग्नात त्यांनी रुसून बसलेल्या व्याह्याच्या तोंडात लाडू कोंबला, आणि रागाचं भाषण तिथंच संपलं.

भाषणावरून आठवलं, माझी ओळख करून द्यायला हवी. मी शाळेत मराठी शिकवतो आणि गावच्या व्यसनमुक्ती समितीचा सचिव आहे. घंटा होईपर्यंत ऐकणाऱ्यांनी उठायचं नसतं, ही शाळेतली समजूत मी समितीतही घेऊन आलो. गावातली पोरं मिसरूड फुटायच्या आत गुटख्याच्या पुड्या खायला लागली होती. बंदी होतीच, पण ती कागदावर. मग मी व्याख्यानं दिली. निम्मी पोरं झोपत. ज्यांना झोप येत नसे ती मधेच उठून बाहेर जात आणि उरलेलं भाषण सोसायचं बळ यावं म्हणून एक पुडी तोंडात सोडून परत येत.

आम्ही एक मोठा फलकही केला. सगळ्यांच्या नजरेस पडावा म्हणून मी तो एस.टी. स्टँडसमोरच्या पानटपरीवरच बांधला. आठवड्याने टपरीवाला भेटला आणि हात जोडून म्हणाला, "सर, लय उपकार झाले. दुपारचं ऊन यायचं, आता सावली पडती. गिऱ्हाईक टिकायलंय." पुढच्या बैठकीत मी फलक उपयुक्त ठरल्याचं सांगितलं. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

त्याच बैठकीत काकू न बोलावता आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "सर, तुमचं भाषण लय गोड असतंय," त्या म्हणाल्या. "ऐकता ऐकता डोळा लागतो. पर पोरांच्या तोंडाकडं कुणी बघायलंय का? आधी आख्खा लाडू सरळ आत जायचा. आता पोरांचं तोंडच उघडंना झालंय. लाडू दारातच अडकायलाय."

लाडूचा आणि व्यसनमुक्तीचा संबंध काय, असं मी हसून विचारलं. काकू म्हणाल्या, "मला रोगबिग कळत न्हाई. लाडू तेवढा कळतो." पण समितीतले डॉक्टर एकदम सावरून बसले. पुडीनं तोंडाची आतली कातडी आवळत जाते, तोंड कमी उघडतं, लक्ष दिलं नाही तर पुढं कॅन्सरही होऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. ते आणखीही काही लक्षणं सांगत होते. पण मी तेव्हा ठरावाची भाषा जुळवण्यात गढलो होतो.

तेव्हापासून समितीच्या कार्यक्रमानंतर पोरांची पंगत बसू लागली. गर्दी वाढली. ती माझ्या व्याख्यानाला वाढली असं मी बरेच दिवस मानत होतो. काकू रांगेतून फिरत, प्रत्येकाला आ करायला लावत. ज्याचं तोंड उघडेना त्याला रागावत नसत. लाडू हळूच फोडून तुकडा भरवत आणि कानाशी म्हणत, "उद्या घरी ये. सायपाकघराच्या दारानं ये." पोरं जात. काकू त्यांना एस.टी.त घालून परभणीला दातांच्या डॉक्टरकडे नेत.

अशा पोरांची नावं जाहीर करून त्यांचा निर्धार-सत्कार करावा, ही कल्पना माझी. शाल, नारळ, फोटो, सगळं मनात ठरलं होतं. काकू माझ्यावर कधी नव्हे त्या चिडल्या. "पोराचं नाव चारचौघांत घेतलंत, की ते परत माझ्या दारात येणार न्हाई. तुमाला फोटू पायजे का पोरगं पायजे?" मला खरं तर दोन्ही हवं होतं. तसं म्हणायचा धीर झाला नाही.

समितीच्या वर्धापनदिनी मारुतीच्या देवळात मोठा कार्यक्रम झाला. मी त्या दिवशी रंगात होतो. संयमाचं उदाहरण म्हणून माझ्याच मुलाचं, बारावीतल्या निखिलचं नाव घेतलं. "ठेच्याशिवाय ज्याचा घास उतरत नव्हता, त्यानं महिन्यापासून तिखट सोडलंय. याला म्हणतात मनावरचा ताबा!" टाळ्या पडल्या. निखिल खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, लाजला.

पंगत बसली, आणि ध्वनिक्षेपक अजून माझ्याच हातात होता. देणगीदारांचे आभार मानता मानता मी पाहिलं, काकू निखिलसमोर वाकल्या. "आ कर." त्यानं तोंड उघडलं. जेमतेम दोन बोटं जातील एवढंच. काकूंनी लाडूचे दोन तुकडे केले, मग चार. एक तुकडा त्याला भरवला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या ताटाकडे गेल्या.

माझं वाक्य अर्धंच राहिलं. मग बापाला सुचतं ते मलाही सुचलं, आत्ताच्या आत्ता त्याला उठवावं आणि सगळ्यांदेखत जाब विचारावा. मी "निखिल!" एवढं म्हणालो, आणि काकू परात घेऊन माझ्यासमोर उभ्या. "आ करा, सर." आख्खा लाडू आत. ध्वनिक्षेपक त्यांनी काढून घेतला. "आता बोलू नका. घरी गेल्यावर बी भाषण न्हाई. नुसतं त्याच्याजवळ बसा."

घरी मी त्याच्याजवळ बसलो. गप्प बसायचा सराव नसल्यानं फार जड गेलं. पण बऱ्याच वेळानं तोच बोलला. तिखट सोडलं नव्हतं, सोसत नव्हतं. भीती वाटत होती आणि सांगायचं कुणाला ते कळत नव्हतं. मी समितीचा सचिव, म्हणजे गावात सगळ्यात शेवटी सांगावं असा माणूस. समितीतल्या डॉक्टरांनी पुढं सांगितलं की या रोगात तिखट झोंबतं हे त्यांनी काकू आल्या त्याच बैठकीत सांगितलं होतं, ठराव चालू असताना.

औषधं झाली, तोंड उघडायचे व्यायाम झाले. व्यायामाचा निखिलला कंटाळा. मग काकूंनी आपली युक्ती काढली. त्या त्याच्यासाठी बोराएवढे लाडू वळू लागल्या. ते सहज जायला लागले की आवळ्याएवढे, मग लिंबाएवढे. "पुडी खाल्लीस तर मला कळणार न्हाई रे, पर लाडवाला कळंल," म्हणायच्या. दोनदा लाडवाला कळलं. दोन्ही वेळा काकूंनी मुकाट्यानं पुन्हा बोराएवढे वळायला घेतले.

यंदा काकूंचे गुडघे पारच गेले आणि लेक त्यांना नांदेडला न्यायला आली. आम्ही सगळे स्टँडवर जमलो. मी निरोपाचं भाषण पाठ करून गेलो होतो. काकू खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर डबा. मी घसा खाकरला तशा त्या म्हणाल्या, "सर, जवळ या." मी गेलो. सवयीनं माझं तोंड आपोआप उघडलं, आणि लाडू आत.

मग त्यांनी डब्यातून नेहमीचा, लग्नातला असतो तसला टपोरा लाडू काढला आणि निखिलला बोलावलं. तो टाचा उंचावून खिडकीशी उभा राहिला. "आ कर." लाडू दारात अडकला. काकूंनी दाबला नाही, नुसता धरून ठेवला. निखिलनं डोळे मिटले, जबडा ताणला, आणि लाडू आत गेला. काकूंनी बुंदी लागलेला हात पदराला पुसला आणि त्याच पदरानं डोळे टिपले.

गाडी हलली. मला काकूंना खूप काही सांगायचं होतं, पण माझ्या तोंडात लाडू होता.