अक्कांनी धरलेली अँटेना

शाळेसाठी आजीची एखादी गमतीची गोष्ट हवी, असं तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर सांगितलंत आणि लगेच अँटेनाची गोष्ट मागितलीत. दर दिवाळीला ती होतेच. तुमचा मामा डोक्यावर झाडू उभा धरतो, मोठ्या आजीच्या आवाजात "दिसायलंय का गं?" असं विचारतो आणि सगळे हसतात. मीही हसते. ती गोष्ट घरात मीच आणली आणि इतकी वर्षं अर्धीच सांगितली. आता लिहून द्यायची तर पूर्ण द्यायला हवी. तुमची आई वाचून दाखवेल. तिलाही पुढचं ठाऊक नाही.

तेव्हा परभणीत आमच्या गल्लीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता. आठवड्यातून एकदा, रात्री साडेआठला, एका कुटुंबाची विनोदी मालिका लागायची. वडील कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचे, आई पाहुण्यांच्या खिरीत मीठ घालायची आणि पंचवीस मिनिटांत सगळं निस्तरलं जायचं. मला ती मालिका मनापासून आवडायची. तिची धून आठवली की अजूनही हातातलं काम ठेवून बसावंसं वाटतं. त्या दिवशी मी स्वयंपाक सातलाच उरकायची, स्टॅबिलायझरचा काटा बघायची, टीव्हीवरचं विणलेलं झाकण घडी करून ठेवायची. चपला दाराबाहेर रांगेत. सोफा मी शिकवायची त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांसाठी, खुर्च्या इतर शिक्षिकांसाठी, बाकी गल्ली सतरंजीवर.

त्या हिवाळ्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमची मोठी आजी. त्या राणीसावरगावला शेती बघायच्या. परभणीला त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि पुढची तपासणी संपेपर्यंत त्या आमच्याकडे राहिल्या. पहिल्याच आठवड्यात त्या सतरंजीवर सगळ्यांच्या पुढे बसल्या. त्यांचं हसणं तुम्हाला माहीत आहे. मांडीवर थाप मारून हसायचं आणि पुढचं आधीच सांगून टाकायचं. "बघा आता, घालतीय मीठ." मुख्याध्यापिकांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. एवढंच. पण त्या वर्षी मला पर्यवेक्षिका व्हायचं होतं. माझे कान तापले.

पुढच्या आठवड्यात वाऱ्याने अँटेना फिरली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. अक्का आपण होऊन गच्चीवर गेल्या आणि दांडा धरून उभ्या राहिल्या. दिसायलंय का, असं त्यांनी वरून विचारलं. दिसतंय, तसाच धरा, असं मी खालून सांगितलं. इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला पाठ आहे.

पुढची अशी. तीन दिवसांनी तुमच्या आजोबांनी माणूस बोलावला आणि तो दांडा पाण्याच्या टाकीच्या पाइपाला तारेने घट्ट बांधून घेतला. अँटेना पुन्हा हलली नाही. तरी पुढच्या भागाची धून लागायच्या आधी मी अक्कांना म्हटलं, वारा सुटलाय, तुम्ही वर गेलात तर बरं. त्या शाल घेऊन गेल्या. नंतर दर आठवड्याला गेल्या. डॉक्टरांनी त्यांना वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. दांडा धरणं म्हणजे वजन उचलणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. वहिनी वर कशाला, असं आजोबांनी एकदा विचारलं. तार सैल झालीय, असं मी सांगितलं. ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

खाली आल्यावर अक्का विचारायच्या, सगळे एवढे का हसले? मी सतरंजीची घडी करता करता दोन वाक्यांत सारांश सांगायची, वर्गात सांगावा तसा. त्या तेवढ्यावर हसायच्या. मी पर्यवेक्षिका झाले.

परवा तुम्ही ती मालिका शोधून माझ्या फोनवर पाठवलीत. तुमचं लेखन शाळेत जाण्याआधी अक्कांना सांगायला हवं, म्हणून काल सकाळच्या बसने मी राणीसावरगावला गेले. त्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या. बसमध्ये वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. अँटेना बांधलेली होती, मी उगीच तुम्हाला वर पाठवत होते, एवढंच बोलले.

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "मला काय कळलं न्हाई व्हय? वर गेल्या गेल्या तार दिसली. दांडा सोडला अन् विचारलं, दिसायलंय का. तू म्हणलीस, छान दिसतंय, हलू नका."

मग उतरला का नाहीत, असं मी विचारलं.

"उतरून कुठं बसू? तुझ्या हेडबाईच्या मांडीवर?"

मला हसू आलं आणि लगेच मी ओशाळले. त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "लय थंडी होती गं."

मी फोन काढला आणि मालिका लावली. ओसरीवर चित्र अडकायला लागलं. अक्कांनी मला उंबऱ्याशी उभं राहायला सांगितलं, तिथे रेंज येते म्हणाल्या. हात वर कर, अजून थोडा. खिरीचा भाग आला तशी त्यांनी मांडीवर थाप मारली.

मी फोनच्या मागे होते. मला पडदा दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता आणि त्यांचं हसणं. दंड भरून आला. जरा खाली घेऊ का, असं विचारलं.

"आता छान दिसायलंय," अक्का म्हणाल्या. "हलू नकोस."

उंबऱ्याशी खरंच रेंज येते का, ते मी विचारलं नाही. भाग संपेपर्यंत तशीच उभी राहिले.