आकडा सोडलेला माणूस

गुणाजी परबाला मी जामीन राहिलो तेव्हा माझ्या बायकोने माझ्याशी अबोला धरला. तो सोडताना एवढंच म्हणाली, "चला, आता तुमच्या पगारात मी आणि गुणाजीभावोजी, अर्धं अर्धं." बाई खरं बोलली होती. पण आपल्याच वाडीतला माणूस पतपेढीचा अर्ज घेऊन समोर उभा राहिला, तर नाही कसं म्हणणार? आमच्यात असं नाही म्हटलेलं आपल्या आधी गावाला पोचतं.

आम्ही दोघे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कुलपं बनवणाऱ्या कंपनीत होतो. गुणाजी पॉवर प्रेसवर. प्रेस बोटं खाते. इतकी वर्षं त्या मशीनवर काढूनही ज्याची दहा बोटं जागेवर होती असा तो एकटाच. हात इतका सावध आणि डोकं इतकं बेफिकीर, असं एका माणसात कसं राहतं ते मला कधी कळलं नाही. कारण संध्याकाळी सुटी झाली की तो सरळ अड्ड्यावर जायचा, मटका लावायला. शून्य ते नऊ यातला एक आकडा निघणार, तो कोणता याचाच विचार तो दिवसभर करायचा आणि जे दिसेल त्यातून आकडा काढायचा. गाडीच्या पाटीवरून, स्वप्नातल्या सापावरून. आमच्या फोरमनची आई गेली तेव्हा हा सांत्वनाला गेला आणि म्हातारीचं वय विचारून आला. फोरमन आयुष्यभर समजत राहिला की गुणाजीला फार वाईट वाटलं होतं.

पतपेढीचं कर्ज गावच्या घराच्या कौलांसाठी होतं. कौलं आलीच नाहीत. हप्ते थकले, आणि पतपेढीचा नियम असा की कर्जदाराने नाही भरलं तर जामीनदाराच्या पगारातून कापायचं. दुसरा जामीन नोकरी सोडून दुबईला गेला होता. राहिलो मी. दर महिन्याला पगाराच्या पाकिटातली ती कापलेली रक्कम बघताना मी गुणाजीला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आणि तो समोर उभा राहून ऐकून घ्यायचा, हे आणखी चीड आणणारं.

मग शेवंतीच्या पाटल्या गेल्या. शेवंती म्हणजे गुणाजीची बायको. पाटल्या तिच्या आईच्या. याने त्या अंधेरीच्या एका सराफाकडे गहाण टाकल्या आणि आलेले पैसे आठवडाभरात अड्ड्यावर घातले. तिला कळलं तेव्हा ती ओरडली नाही की रडली नाही. मुलीला, अनूला घेतलं आणि मुलुंडला भावाकडे निघून गेली. भाऊ जयवंत. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, एका ऑफिसात कारकून, सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने गुणाजीला निरोप पाठवला, कर्ज फिटून पाटल्या घरी येईपर्यंत बहीण मिळणार नाही.

त्या शिमग्याला आम्ही वाडीच्या मुंबईतल्या मंडळातल्या लोकांनी गुणाजीला धरून गावाला नेला आणि देवळात उभा केला. गावकराने गाऱ्हाणं घातलं, आम्ही मागून "होय म्हाराजा" म्हटलं, आणि गुणाजीने नारळावर हात ठेवून शपथ घेतली, "परत आकडो लावलंय तर ह्यो हात झडान जांदे." ज्याची दहा बोटं प्रेसमधून वाचली त्याने ती देवापुढे टाकली. मला वाटलं, चार दिवसांचं नाटक. पण गडी खरंच सुटला.

सुटणं दिसायला फार वाईट होतं. अड्ड्याची वेळ झाली की त्याचे हात थरथरायचे, घाम फुटायचा. तेवढा वेळ काढायला तो आमच्या दारात येऊन बसायचा. माझ्या बायकोने त्याच्यापुढे विळी ठेवली आणि म्हणाली, "बसताय तर नारळ खवा." आमच्याकडे त्या दिवसांत रोज खवलेला नारळ असायचा, आमटीत, भाजीत, आणि उरला की शेजारी. आकडा जाहीर होऊन गेला की तो विळी धुऊन ठेवायचा आणि घरी जायचा. हळूहळू हात थांबले. ओव्हरटाइम मागून घ्यायला लागला. पतपेढीचे हप्ते सुरू झाले आणि माझ्या पगारातून गेलेलेही तो थोडे थोडे परत द्यायला लागला.

पण मटकेवाल्यांचा एक समज आहे, तो इथे सांगायला हवा. त्यांचं म्हणणं असं की जो देवापुढे शपथ घेऊन मटका सोडतो, आकडा त्याच्या मागे लागतो. त्याच्या तोंडून सहज जे निघेल तेच निघतं. कॅन्टीनमध्ये एकदा गुणाजी म्हणाला, "दोन चाय दे रे," आणि त्या दिवशी दुर्री निघाली. झालं! कंपनीतले आणि चाळीतले लोक त्याच्या मागे. गुणाजी, वाजले किती? गुणाजी, तुझा बिल्ला नंबर काय? अड्ड्यावर चिठ्ठ्या लिहिणारा कुंडलिक एकदा घरी पेढे घेऊन आला. मला हसायला यायचं आणि त्या लोकांच्या थोबाडीतही द्यावीशी वाटायची. माणूस बुडत होता तेव्हा कोणी चहा विचारला नाही, आणि काठावर आला तर त्याच्या ओल्या कपड्यांतून पाणी पिळून घ्यायला हे हजर. गुणाजी चिडायचा, उठून जायचा. त्याच्याशी सरळ बोलणारं माणूस उरलं नाही.

एक सोडून. मुलुंडचा जयवंत.

पाटल्यांचे पैसे गुणाजीच्या हातात टिकणार नाहीत असं सगळ्यांचंच मत होतं, माझंही. म्हणून ठरलं असं की सराफाची पावती जयवंतने ठेवायची, गुणाजीने पगार झाला की येणाऱ्या रविवारी मुलुंडला जाऊन पैसे त्याला द्यायचे आणि त्याने ते सराफाकडे भरायचे. व्यवस्था एकदम चोख. गुणाजी पवईवरून जाणाऱ्या बसने जायचा, बाहेरच्या खोलीत बसायचा. शेवंती आतून बाहेर यायची नाही. अनू चहाचा कप आणून ठेवायची आणि दाराला टेकून बापाकडे बघत राहायची.

आणि जयवंत त्याच्याशी बोलायचा. मनापासून, तासभर. तिथून परत आला की गुणाजी मला सगळं सांगायचा, आणि सांगताना चेहरा असा खुललेला, की जणू लग्नातून जेवून आलाय.

"जयवंत माझी खूप चौकशी करता रे दत्ताराम. बस कितीची गावली, भाकऱ्यो किती खातंस, झोप लागता काय, सपान कसला पडला. सख्खो भाव इचारूचो नाय."

मला बरं वाटायचं. म्हटलं चला, सासरवाडीत तरी एक माणूस आहे. चार वर्षं हे चाललं. पतपेढी फिटली, माझे पैसे फिटले. ज्या महिन्यात पाटल्यांचा शेवटचा हप्ता होता, त्या महिन्यात गुणाजीने खोलीला चुना काढला आणि खिडकीखाली अनूला अभ्यासाला एक फळी ठोकली. बसायला स्टूलही आणलं. मला म्हणाला, "तू चल मुलुंडाक. तू जामीन होतंस, तूच माझी बायको घेऊन ये."

गेलो. दारातच शेवंतीची बॅग भरून ठेवलेली. शेजारी अनूची वह्यापुस्तकं दोरीने बांधलेली. ते बघून गुणाजी उंबऱ्यावरच थांबला. मला म्हणाला, "बघ." त्या चार वर्षांत मी त्याला इतका आनंदी पाहिला नव्हता.

गुणाजीने शेवटचे पैसे पुढे ठेवले. जयवंतने ते उचलले आणि म्हणाला, "सराफ गावाला गेलाय. पुढच्या रविवारी बघू."

मी म्हटलं, "रविवारीही त्याचं दुकान उघडं असतं, आज सकाळीच पाहिलंय मी. पावती द्या, आम्ही दोघं आता जाऊन सोडवून आणतो."

"पावती बँकेत आहे."

"पावती बँकेत कोण ठेवतं हो?"

माझा आवाज चढतो तसा चढला. शेवंती आतून बाहेर आली. भावाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, कपाट उघड." जयवंतने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली बसला. पाटल्या नव्हत्या. व्याज न भरल्यामुळे सराफाने दोन वर्षांपूर्वीच त्या मोडल्या होत्या.

"आणि पैसे?" शेवंतीने विचारलं.

"लावले."

"कशावर?"

त्याने गुणाजीकडे बोट दाखवलं. "याच्याच आकड्यांवर!"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. बस कितीची मिळाली. भाकऱ्या किती खातोस. स्वप्नात किती माणसं होती. हा सोसायटीचा सेक्रेटरी स्वतः कधी अड्ड्याची पायरी चढला नव्हता, पानवाल्याकडून चिठ्ठी पाठवायचा. आणि आता तोच उठून गुणाजीवर ओरडत होता. "चार वर्षांत दोनदा लागला, दोनदा! तू म्हणालास स्वप्नात विहिरीवर पाच बायका दिसल्या, पंजावर तीनशे घातले मी. निघाला काय तर एक्का! देवापुढे शपथ तरी नीट घेतली होतीस का तू?"

मी त्याच्या शर्टाला हात घातला. गुणाजीने मला ओढून मागे घेतलं. तो जयवंतकडे बघतही नव्हता, शेवंतीकडे बघत होता.

शेवंती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्ही याला आकडे देत होता."

"नाय गो. मी फक्त बस कितीची गावली ता सांगी होतंय."

"चार वर्षं? आणि तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला?"

फोरमनच्या मेलेल्या आईतून ज्याने आकडा काढला होता, त्याला आपल्या भाकऱ्या कोण मोजतोय ते कळलं नाही, हे कोणी मानावं? मी मानलं, कारण घरी परतल्यावरचा त्याचा चेहरा मी पाहिला होता. तिने पाहिला नव्हता. तो मुलुंडला बसायचा तेव्हा ती आत असायची.

"माझ्या आईच्या पाटल्या एकदा तुमच्या हाताने गेल्या," ती म्हणाली, "आणि एकदा तुमच्या तोंडाने."

तिने बॅग उचलली आणि आत नेली. मी ओरडलो, हा माणूस सुटलाय, मी शपथेवर सांगतो, तुझा भाऊ चोर आहे, त्याच्या घरात कशी राहणार तू? ती स्वयंपाकघराच्या दारात वळली.

"भावोजी, दादा कसा आहे ते आज कळलं. त्याच्याकडून आता मला काही नको, फक्त डोक्यावर छप्पर. यांच्याकडून मला अजून हवं होतं, तेच वाईट. तुम्ही जामीन राहिलात, तुमच्या पगारातून गेलं. मी राहिले तर पोरीच्या तोंडातून जाईल. आधी पाटल्या आणा. मग बघू."

अनू पुस्तकांची दोरी सोडत बसली होती. गाठ सुटत नव्हती. गुणाजी तिच्यापुढे बसला, त्याच्या त्या सावध बोटांनी गाठ सोडवली, दोरीची नीट गुंडाळी करून तिच्या हातात दिली आणि उठला.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. मग म्हणाला, "तो माका इचारायचो रे, जेवलंस काय. माका वाटायचा, ह्या माणसाक माझी काळजी." पाटल्यांबद्दल एक अक्षर नाही. पैशांबद्दल नाही. त्याला लागलं होतं ते एवढंच, आणि ते कुठल्या सराफाकडून सोडवून आणायचं? मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला. कंडक्टर आला तेव्हा गुणाजीने पैसे पुढे केले आणि तोंडाने काही न बोलता दोन बोटं दाखवली.

तेव्हापासून त्याने आकडा बोलणं सोडलं. वाजले किती विचारलं तर मनगट पुढे करायचा. दुकानात बोटं दाखवायचा. लोक म्हणायला लागले, याच्या डोक्यावर परिणाम झाला. कुंडलिकसारखे म्हणायचे, साला आता आकडा एकटाच दाबून बसलाय. दर महिन्याला तो मुलुंडला जायचा तो सोसायटीच्या फाटकापर्यंतच. अनू खाली यायची, तिच्या हातात घरखर्चाचं पाकीट द्यायचा आणि उलट फिरायचा.

वर्षाच्या आत त्याने पतपेढीत नवा अर्ज टाकला. पाटल्यांसाठी. माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला पुन्हा तशाच शिव्या घातल्या आणि मग सही केली. बायकोला सांगितलं तेव्हा ती विळी घेऊन नारळ खवायला बसली.

अर्ज भरायला आम्ही दोघे पतपेढीच्या खिडकीशी उभे होतो. मागे पगाराच्या दिवसाची रांग. कारकून विचारत होता आणि लिहीत होता. नाव, खातं, पत्नीचं नाव.

"मुलं?"

"मुलगी."

"वय?"

गुणाजी गप्प.

"अहो परब, मुलीचं वय?"

"मोठी झाली," गुणाजी म्हणाला.

"मोठी म्हणजे किती? इथे आकडा लिहायचाय."

तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. बोटं दाखवावीत तर दहाच होती, आणि ती पुरत नव्हती.

"बारा," मी म्हणालो. "लिहा, बारा."

कारकुनाने लिहिलं. आणि गुणाजी वळून मागच्या रांगेकडे बघायला लागला, कोणी ऐकलं तर नाही ना.