झोपाळ्यामागची भिंत

आमच्या झोपाळ्यामागच्या भिंतीला फळी आपटून खोक पडली आहे. लग्न झाल्यापासून बायकोला घरात झोपाळा हवा होता. यंदा मी स्वतःच छताला कड्या बसवल्या. भिंतीपासूनचं अंतरही टेप धरून मोजलं, पण ते झोपाळा स्थिर धरून. झोका मोजायचा राहिला. पहिल्याच झोक्याला फळी भिंतीवर आदळली.

"अहो, झोपाळा केलाय की बाक?" ती म्हणाली. पण उतरली नाही.

वास्तुशांतीला गेलं की यजमान आपल्याला छतातले दिवे लावून दाखवतात, फरशीवरून हात फिरवायला लावतात. अशी खोक कुणी दाखवत नाही. तिच्यापुढे कपाट सरकवलेलं असतं. मला मात्र आता नव्या घरात गेल्यावर कपाटांच्या मागे काय असेल याचंच कुतूहल वाटतं.

काल मी पुन्हा शिडी काढली. "कड्या जरा पुढे घेतो."

"राहू द्या. पायाला अंदाज आलाय आता."

खरंच होतं. भिंत यायच्या आत तिचा अंगठा फरशीला टेकत होता आणि झोका अलगद परत फिरत होता. चूक मी केली, शिकली ती. शिडी ठेवून मी तिच्या शेजारी बसलो.

"तुम्ही पाय वर घ्या," ती म्हणाली. मी घेतले.