ताजा रस्ता

कारंज्याला हायवेवर आमचा ढाबा होता. कम्प्युटरच्या कोर्सचं पहिलं वर्ष वर्ध्याला काढून मी सुट्टीत घरी आले, ती एक जुना कम्प्युटर घेऊनच. गल्ल्याशेजारी तो मांडला आणि ट्रकवाल्यांसाठी एक प्रोग्राम लिहिला. गावाचं नाव टाकलं की पोचायला किती वेळ लागेल ते पडद्यावर येई. बाबांना तो इतका आवडला की माझीच पंचाईत झाली, कारण मला पुढच्या कोर्सला नागपूरला जायचं होतं.

"तू गेल्यावर हे कोन चालवन?" बाबा म्हणाले. "रस्ते रोज बदलते. मले एकट्याले जमलं पाहिजे, मंग जाजो नागपूरले."

मी कामं ओळीनं कागदावर लिहिली आणि पडद्याशेजारी चिकटवली. फाइल उघडा, आकडा बदला, सेव्ह करा, कम्पायल करा, मग चालवा. कम्पायल म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून घेणं, हेही समजावलं. बाबांनी मान डोलावली.

तेवढ्यात तळेगावजवळ पुलाचं काम निघालं. बाबांनी अमरावतीचा आकडा दोनचा तीन केला, सेव्ह केला आणि एका ड्रायव्हरला कौतुकानं बोलावून प्रोग्राम चालवला. पडद्यावर दोनच तास. कम्पायल करायचं राहिलं होतं, म्हणून जुनाच प्रोग्राम चालला.

"सेठ, आपकी मशीन तो कल की बात बता रही है," ड्रायव्हर म्हणाला. बाजेवरचे सगळे हसले.

बाबा माझ्याकडे वळले. "आपल्या ढाब्यावर शिळं वाढून राह्यलं तुहं मशीन."

त्या दुपारी मी गल्ल्यावर बसले होते. वाढपी आत ओरडायचा, "एक फुल!" की भाजी, पोळ्या, भात, कांदा, सगळं ताट तयार. आधी कांदा चीर, मग तवा ठेव, असं आचाऱ्याला कोणी सांगत नव्हतं. मी उठले आणि कम्प्युटरमध्ये चार ओळींची एक छोटी फाइल लिहिली. जुना प्रोग्राम फेकून दे, नवा कम्पायल कर, चूक निघाली तर थांब, नाहीतर चालव. तिचं नाव ठेवलं 'ताजा'. प्रोग्रामचं नाव 'रस्ता' होतंच. आता आकडा बदलून सेव्ह केला की बाबांनी एवढंच टाइप करायचं: ताजा रस्ता.

पुलाचं काम संपल्यावर बाबांनी तीनचा परत दोन केला, सेव्ह केला आणि 'ताजा रस्ता' टाइप केलं. तोच ड्रायव्हर चहा घेऊन शेजारीच उभा. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि सगळं थांबलं. माझे हात शिवशिवत होते, पण मी खुर्चीवरून उठले नाही.

"आता काऊन थांबलं?"

"बाबा, आकड्यापुढचा अर्धविराम खोडल्या गेला असन. त्याच्याबिगर कम्पायल नाई होत."

"मंग कालचं तरी दाखवाचं होतं."

"कालचं फेकलं त्यानं."

बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "म्हणजे जमलं नाई तं नाई म्हनते. शिळं वाढत नाई." त्यांना हे फारच पटलं. त्यांनी ती जागा स्वतःच हुडकली, एका बोटानं अर्धविराम दिला आणि पुन्हा 'ताजा रस्ता' टाइप केलं. अमरावती, दोन तास. ड्रायव्हरनं कप ठेवला आणि गाडीकडे निघाला.

बाबांनी पडद्याशेजारचा माझा कागद सोडवला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"हे नागपूरले घेऊन जाजो," ते म्हणाले. "तुलेच लागन."