पाण्यात रेस सोडायची नाही

इंजिनातून एकच आवाज आला, हातातून वरवंटा सुटून फरशीवर पडावा तसा, आणि गाडी मेली. पाणी मात्र चढतच होतं. ते दाराच्या फटीतून आत आलं, माझ्या चपलांखाली पसरलं आणि मग चपलांच्या वर आलं. माझ्या शेजारी मागच्या सीटवर हे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडं टाकून. त्यांच्या छातीत घरघर चालली होती. पुढे मुलगा चावी फिरवत होता. गाडी नुसतं टक म्हणायची.

"पुन्हा मार," हे म्हणाले.

"बाबा, आता तरी गप्प बसा."

मी म्हटलं, "दोघंही गप्प बसा. दार उघडतंय का ते बघ आधी."

आम्ही रेल्वेच्या पुलाखाली होतो. विश्रांतवाडीहून निघालो होतो आणि हॉस्पिटल पुलाच्या पलीकडे होतं. यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा यंत्राला लावून रक्त धुवून घ्यावं लागतं. लघवी होत नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. आधी पाय सुजतात, मग छातीत पाणी होतं. म्हणून मी त्यांना पाणी पेल्याने मोजून देते आणि त्यासाठी रोज शिव्या खाते.

त्या आठवड्यात यंत्राची एक पाळी चुकली होती. विसर्जनाची मिरवणूक होती, रस्ते बंद. पुण्यात त्या दिवशी देवाला वाट मिळते, माणसाला नाही. हॉस्पिटलमधल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, "आजी, उद्या दुपारी आणा. पण उद्या चुकवू नका. आजोबांना झेपायचं नाही." मी समजले. समजावून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. रिक्षा मिळेना. मुलाने रजा टाकली आणि स्वतःची गाडी काढली.

या गाडीबद्दल सांगितलं पाहिजे. मुलगा खराडीला कंपनीत आहे. चाळिशी आली, लग्न झालं नाही, गाडी झाली. जुनीच घेतली, पण तिच्यावर इतका खर्च केला की तिला सून म्हणायचंच बाकी होतं. मध्यंतरी त्याने तिला एक जाड चकचकीत नळी बसवून आणली. मला बॉनेट उघडून दाखवली. "आई, हे इनटेक. इंजिन यातून श्वास घेतं. कंपनीची नळी वर असते, तिथे गरम हवा. मी तोंड खाली घेतलंय, बंपरच्या मागे. गार हवा मिळते, गाडी जोरात पळते."

"पळून जाणार कुठे? चौकातच उभी राहणार ना?" मी विचारलं.

यांनी खाली वाकून पाहिलं आणि आवाज ऐकला. "ठसका लागल्यासारखी करते," एवढंच म्हणाले. बाप-लेकाचं असंच चालायचं. यांनी जन्मभर रिक्षा चालवली, त्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असं यांना वाटायचं. मुलगा शिकलेला, त्यामुळे यांना काहीच कळत नाही असं त्याला वाटायचं. मधे मी. मला त्या नळीतलं कळलं ते इतकंच की गाडीचं नाक काढून गुडघ्यापाशी लावलंय. त्याचा अर्थ काय होतो हे पुलाखाली जाईपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

पुलाच्या तोंडाशी पाणी पाहून मुलाने गाडी थांबवली. मागे रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, वळायला जागा नव्हती. समोरून एक टेम्पो गेला, एक उंच गाडी गेली. यांचा श्वास तोकडा व्हायला लागला होता. मुलाने आरशात बापाकडे पाहिलं आणि गाडी पाण्यात घातली. हळू, अगदी पाय उचलून.

तेव्हा हे ओरडले. इतका आवाज कुठून आला कोणास ठाऊक. "पाय उचलू नकोस! रेस दे! पाण्यात रेस सोडायची नाही!"

हा त्यांच्या धंद्यातला नियम होता. जुनी रिक्षा पाण्यातून काढायची तर मूठ पिळून धरायची, धुराचा जोर राहिला की सायलेन्सरमध्ये पाणी शिरत नाही. या नियमावर यांनी किती पावसाळे काढले, कधी रस्त्यात अडकले नाहीत. स्टँडवरची बाकीची माणसंही असंच करायची. नियम खोटा नव्हता. पण त्या रिक्षाचं नाक खाली नव्हतं.

आणि मुलाने ऐकलं. शाळा सुटल्यापासून बापाचं एक ऐकलं नव्हतं, ते तिथे ऐकलं. त्याने पाय दाबला, गाडी भुंकली, पुढून पाण्याची लाट उठली, आणि जितका जोर लावला तितकं त्या नळीने पाणी ओढलं. हवा प्यायची जागा, तिथे पाणी. मग तो वरवंट्याचा आवाज.

दार माझ्या बाजूचं उघडलं. मुलाने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. ती पलीकडच्या गर्दीत अडकली होती, कधी येईल सांगता येत नाही म्हणाले. पाणी सीटला लागलं. हे म्हणाले, "तू जा बाहेर."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो."

"बसा. सोसायटीत सांगते, पुलाखाली बसलेत म्हणून."

पुलाच्या कडेला उंचवट्यावर एक केळीवाला हातगाडी घेऊन उभा होता, जाळीची गोल टोपी घातलेला, दाढी पांढरी झालेला माणूस. बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. त्याने केळ्यांचे घड उचलून बंद दुकानाच्या पायरीवर मांडले आणि रिकामी गाडी पाण्यात ढकलत आमच्यापर्यंत आला. हातगाडीची चाकं मोठी, तिला नाक नाही, काही नाही.

"बाबांना झोपवा हिच्यावर," तो म्हणाला आणि आत वाकून त्याने यांचा डावा हात धरला.

मी किंचाळले, "डावा नको! डावा हात सोडा!"

तो दचकून मागे झाला. त्याला वाटलं असेल, म्हातारी शिवाशिव पाळते. मी बाही वर करून तो हात दाखवला. शीर जाडजूड फुगलेली, त्यातूनच यंत्राच्या सुया जातात. तो हात दाबायचा नाही, ओढायचा नाही. तो म्हणाला, "अच्छा, डायलिसिस. माझ्या भावजयीचं पण होतं." मग दोघांनी यांना काखेत धरून उचललं आणि हातगाडीवर ठेवलं. हे आडवे झाले की श्वास कोंडायचा, म्हणून मी मागे यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले आणि यांना माझ्यावर टेकवून बसतं धरलं. मुलगा आणि केळीवाला ढकलत होते. मी पाण्यातून उलटी चालत होते. माझी एक चप्पल तिथेच गेली.

पलीकडे रिक्षा उभ्या होत्या. पहिला म्हणाला, "तिकडे नाही जाणार." दुसऱ्याने मानेनेच नाही म्हटलं. यांनीही आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. तिसऱ्याला मी काही विचारलंच नाही. यांना आत बसवलं, स्वतः बसले आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

"आजी, मी जातो कुठे म्हणालो?"

"तुम्ही नका जाऊ. रिक्षा न्या फक्त."

तो हसला आणि निघाला. केळीवाल्याशी धड बोलणंही झालं नाही. मागे पाहिलं तेव्हा तो पुन्हा घड मांडत होता.

आमची पाळी टळली होती, खाटेवर दुसरा पेशंट होता. सिस्टरनी यांचे ओठ पाहिले आणि आमच्याशी न बोलता डॉक्टरांना बोलावलं. नाकाला नळी लावली, त्या पेशंटला थोडं आधी सोडलं आणि यांना यंत्राला जोडलं. मी बाकावर बसून राहिले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, पँट मांडीपर्यंत ओली. बस म्हटलं तर बसेना. यंत्राने अंगातलं पाणी काढायला सुरुवात केली तेव्हा बाहेर पाऊस थांबला. त्याला आता काय थांबून उपयोग.

पुढच्या आठवड्यात आम्ही जेवत असताना गॅरेजवाल्याचा फोन आला. मुलाचे हात खरकटे, म्हणून त्याने स्पीकर लावला. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, आतला दांडा वाकलाय, ब्लॉक फुटलाय. इंजिन गेलं. नळीचं तोंड एवढं खाली असताना पाण्यात रेस कोणी दिली?"

यांचा घास हातातच राहिला.

"मीच दिली," मुलगा म्हणाला. "घाई झाली."

फोन बंद झाला. हे म्हणाले, "माझं नाव सांगायचं होतंस."

"गाडी तुम्ही चालवत होतात का?"

"नाही."

"मग जेवा."

हे जेवले. त्यानंतर गाडीबद्दल यांनी मुलाला एक शब्द सांगितला नाही, आणि मुलाने दुसरी गाडी घेतली नाही. हॉस्पिटलला आम्ही रिक्षाने जातो. तिन्ही पाळ्यांना मीच नेते, एकेकदा तो येतो. मी दमते. हे सांगायचं कुणाला, सगळेच दमलेत.

गाडी भंगारात गेली. तिच्यात आम्ही तिघं होतो. हे आतल्या खोलीत पडलेत, पाणी मागतायत. मुलगा कामाला गेलाय. मी इथे आहे, पेला मोजून भरतेय.